परदेशातलं सुट्टीचं घर भाड्यानं देताना : पुणेकर मालकांसाठी पायरीपायरीनं

रविवारी कोरेगाव पार्क किंवा सेनापती बापट रस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात डोकावलं, तर दुबईतल्या फ्लॅटचं प्रदर्शन भरलेलं असण्याची शक्यता बरीच. बाणेरचं आयटीतलं जोडपं, कोथरूडचे निवृत्त कारखानदार, औंधला नुकतं परतलेलं अमेरिकेतलं कुटुंब, सगळे असतात. समुद्र दिसतो का, हप्ते कसे, ताबा कधी, हे सगळं विचारून होतं. ‘आम्ही वर्षातून पंधरा दिवस जाऊ, बाकी वेळ भाड्यानं देऊ’ हे वाक्यही हमखास ऐकू येतं. त्या ‘बाकी वेळ’चे नियम कुणी विचारत नाही आणि सांगणाराही आपणहून सांगत नाही. हा लेख तेवढ्यापुरताच आहे. भारतात राहणाऱ्या आणि भारतात कर भरणाऱ्या माणसानं परदेशातलं घर पाहुण्यांना द्यायचं तर काय, कोणत्या क्रमानं करायचं, ते यात आहे.

आधी तिथला कायदा, मग घर

घर विकत घेता येणं, ते वर्षाच्या करारानं भाड्यानं देता येणं आणि रात्रीच्या हिशेबानं पाहुण्यांना देता येणं या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. पहिली मिळाली म्हणून तिसरी मिळतेच असं नाही. लोणावळ्याला बंगला घेऊन शनिवार-रविवार देणाऱ्यांना याची थोडी कल्पना असते, कारण सोसायटीनं हरकत घेतली की तिथंही गाडी अडते. परदेशात मात्र सोसायटीच्या जोडीला महापालिका, पर्यटन खातं, पोलीस आणि करखातं असे चौघेही असतात.

थायलंडचंच बघा. परदेशी माणसाला तिथं जमीन घेता येत नाही, पण कॉन्डोमिनियममधला फ्लॅट नावावर घेता येतो. अट एवढीच, की इमारतीतल्या विक्रीयोग्य क्षेत्रापैकी परदेशी मालकी ४९ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पैसेही परकीय चलनात बाहेरून आल्याचा बँकेचा कागद लागतो. इथवर ठीक. पण ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी पाहुणा ठेवला, की २००४ चा हॉटेल कायदा लागू होतो. कॉन्डोतल्या एकट्या फ्लॅटला हॉटेलचा परवाना मिळणं जवळपास अशक्य. म्हणजे फुकेतमधला फ्लॅट महिन्याच्या करारानं खुशाल द्या, चार रात्रींसाठी दिलात तर तो गुन्हा आहे. ‘सगळेच देतात’ हे एजंटचं उत्तर खरं असेलही, पण दंडाची पावती मालकाच्या नावानं फाटते. शिवाय परदेशी पाहुणा राहायला आला, की २४ तासांत इमिग्रेशनला कळवायची जबाबदारी घरमालकाची.

युरोपातही वारं मालकांच्या विरोधातच वाहतंय. तिथल्या शहरांत स्थानिकांना राहायला घरं मिळेनात, म्हणून पर्यटकांच्या फ्लॅटवर टाच येते आहे. बार्सिलोनानं २०२४ मध्येच जाहीर केलं, की शहरातल्या १०,१०१ पर्यटक फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवणार नाही. स्पेनमध्ये १ जुलै २०२५ पासून अल्पमुदतीच्या प्रत्येक घराला राष्ट्रीय नोंदणी क्रमांक लागतो. तो नसेल तर संकेतस्थळावर जाहिरातच टिकत नाही. ३ एप्रिल २०२५ पासून आणखी एक अट आली. नव्यानं पर्यटकांना फ्लॅट द्यायचा असेल तर इमारतीतल्या सभासदांची तीन-पंचमांश बहुमतानं संमती हवी. आपल्याकडच्या सर्वसाधारण सभेचा अनुभव असलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ग्रीसमध्ये अथेन्सच्या मध्यवर्ती भागात जानेवारी २०२५ पासून नव्या नोंदण्या बंद आहेत, आणि नव्या नियमांनुसार गोल्डन व्हिसासाठी (गुंतवणुकीच्या बदल्यात मिळणाऱ्या निवासपरवान्यासाठी) घेतलेलं घर अल्पमुदतीच्या भाड्यानं देताच येत नाही. पोर्तुगालनं २०२३ मध्ये कडक केलेले नियम २०२४ च्या शेवटी सैल केले, पण निर्णयाचे बरेच अधिकार नगरपालिकांकडे सोपवले. लंडनमध्ये राहतं घर वर्षात ९० रात्रींच्या वर पर्यटकांना द्यायचं तर वापरबदलाची नियोजन परवानगी लागते.

दुबईत दार बरंच उघडं आहे. सुट्टीच्या घरांसाठी २०१३ चा ४१ क्रमांकाचा हुकूमनामा आहे, पर्यटन खात्याचं वेगळं पोर्टल आहे आणि परवाना फ्लॅटगणिक मिळतो. पुणेकरांचा ओढा तिकडे आहे त्यामागे लोहगावहून थेट विमान हे जसं एक कारण, तसं हेही.

तेव्हा टोकन देण्याआधी विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या : या शहरात अल्पमुदतीचं भाडं कायदेशीर आहे का आणि या इमारतीच्या नियमावलीत त्याला मनाई आहे का. फोनवरच्या ‘नो प्रॉब्लेम सर’ला किंमत नाही. ई-मेलवर उत्तर द्यायला का-कू झाली, तर तेच उत्तर समजा.

पैसे पाठवताना

भारतातला रहिवासी एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकतो. आजच्या दरानं ती दोन कोटींच्या वर जाते. नवरा-बायको दोघांनी पाठवली तर मर्यादा दुप्पट होते, पण ज्याचा पैसा गेला त्याचं नाव खरेदीखतावर असायला हवं. एकट्याच्या नावावर घर आणि चौघांच्या खात्यांतून पैसे, हा घोळ करू नका. दुसरी बाजूही ध्यानात ठेवा : बायकोच्या हिश्श्याचे पैसे नवऱ्यानंच दिले असतील, तर भाड्याचा तो भागही नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. नाव घालून कर वाटला जात नाही.

बँकेत ए-२ हा परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म भरताना उद्देशाच्या रकान्यात घरखरेदीच लिहायची. ‘प्रवास’ किंवा ‘नातेवाइकांचा उदरनिर्वाह’ लिहून सुटका करून घेणारे भेटतात. पुढं घर विकून पैसे परत आणताना हाच कागद गळ्याशी येतो. वर्षाला दहा लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला कर, कापते. पन्नास लाख पाठवायचे तर चाळीस लाखांवर आठ लाख टीसीएस, म्हणजे खात्यात अठ्ठावन्न लाख आणि वर बँकेचं शुल्क एवढी तयारी हवी. हे आठ लाख बुडत नाहीत, रिटर्नमध्ये वळते होतात. नोकरदारांना ते पगारातल्या टीडीएसमधूनही वळते करून घेता येतात, त्यासाठी कंपनीला वेळेत कळवायचं.

कर्जाचं काय? एलआरएसखाली अशा खरेदीसाठी भारतातल्या बँकेनं कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तिथल्या बँकेचं कर्ज एजंट अगदी सहज सुचवतो, पण भारतातल्या रहिवाशासाठी तो फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, परवानगीचा प्रश्न होतो. सही करण्याआधी फेमा बघणाऱ्या सल्लागाराला विचारा. बुकिंगची रक्कम क्रेडिट कार्डावर घासणंही टाळा. बिल्डर कार्ड घेतो म्हणून फेमाला ते चालतं असं होत नाही. पैसे बँकेमार्फत, एलआरएसमधूनच जायला हवेत.

परदेशातून परतलेल्यांची गोष्ट वेगळी. अनिवासी असताना घेतलेलं घर परतल्यावरही ठेवता येतं, फेमा त्याला आडकाठी करत नाही. परतल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ हा दर्जा असेल, तर तिथल्या भाड्यावर इथं करही लागत नाही. हा काळ नेमका कधी संपतो ते पासपोर्टावरचे शिक्के मोजून सीएकडून लिहून घ्या.

परवाना आणि तिथला माणूस

दुबई नमुन्यादाखल घेऊ. मालकी हक्काचा दाखला हातात आला, वीज-पाण्याची जोडणी झाली, की पर्यटन खात्याच्या पोर्टलवर फ्लॅटची नोंद होते. फ्लॅट ‘स्टँडर्ड’ की ‘डिलक्स’ हे ठरतं. परवान्याचं दरवर्षी नूतनीकरण करायचं. प्रत्येक पाहुण्याची पासपोर्टसह नोंद पोर्टलवर चढवायची आणि दर रात्री दर खोलीमागे टुरिझम दिरहॅम भरायचा. स्टँडर्डला १०, डिलक्सला १५ दिरहॅम. तो पाहुण्याकडून वसूल करतात. जाहिरातीवर परवाना क्रमांक दिसायला हवा. हे सगळं कर्वेनगरात बसून करणं अवघड, म्हणून बहुतेक जण परवानाधारक ऑपरेटरकडे घर देतात.

एक निर्णय मात्र आधीच घ्या : वर्षाचा भाडेकरू की रात्रीचे पाहुणे. वर्षाचा करार ‘इजारी’ या दुबईच्या भाडेकरार नोंदणीत नोंदवला, भाड्याचे चेक आले, की डोकेदुखी कमी. पण स्वतःला राहायला घर हवं म्हणून भाडेकरूला काढायचं, तर नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालानं बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय असलेल्या माणसाला हे झेपत नाही. डिसेंबरात नातवंडांना घेऊन जायचं स्वप्न असेल तर वर्षाचा करार करू नका.

कागदपत्रांसाठी कुलमुखत्यारपत्र लागतं. स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस अशा देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा) शिक्का पुरतो. अमिरातींसाठी नोटरी, राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी वकिलातीची मोहोर अशी वारी असते. त्यात आठवडे जातात. मुखत्यारपत्रात फक्त भाडं आणि देखभाल एवढेच अधिकार द्या. विक्रीचा अधिकार ‘असू दे, पुढं लागेल’ म्हणून घालायला सांगतील, नाही म्हणा.

ऑपरेटरशी करार करताना टक्केवारीवर घासाघीस होतेच, पण खरे पैसे इतर कलमांत मुरतात. कमिशन एकूण भाड्यावर की संकेतस्थळाचा वाटा वजा करून? स्वच्छतेचे पैसे पाहुणा देतो की मालक? इमारतीचं सर्व्हिस चार्ज कोण भरतं? दुरुस्तीला किती रकमेपर्यंत तुम्हाला न विचारता खर्च करता येतो? तुमच्या स्वतःच्या मुक्कामाचे दिवस किती आणि ते हंगामात चालतात का? परवाना कुणाच्या नावानं आहे आणि करार मोडला तर पुढच्या बुकिंगचं काय होतं? ‘खात्रीचं आठ टक्के भाडं’ असं ज्या माहितीपत्रकात असतं, तिथं ती खात्री किती वर्षांची आणि कुठल्या कंपनीची, हेही बघा. बऱ्याचदा ती रक्कम घराच्या किमतीतच आधी चढवलेली असते.

‘दुबईत टॅक्सच नाही ना?’

हा प्रश्न घेऊन येणाऱ्या एका निवृत्त इंजिनिअर काकांशी झालेला संवाद थोडक्यात असा.

‘अहो, तिकडं इन्कम टॅक्सच नाही म्हणतात. मग इथं कशाला दाखवायचं?’

‘काका, तुम्ही राहता कुठं?’

‘सहकारनगरला.’

‘मग तुमचं जगभरचं उत्पन्न इथं दाखवायचं.’

भारतातल्या सामान्य निवासी माणसाच्या जागतिक उत्पन्नावर भारतात कर आहे. भारत-अमिराती करारात स्थावराच्या उत्पन्नावर ज्या देशात मालमत्ता आहे तो देश कर लावू शकतो, असं म्हटलंय. पण ‘लावू शकतो’ याचा अर्थ भारतानं लावायचा नाही असा होत नाही. २००८ च्या सरकारी अधिसूचनेनं ते स्पष्ट केलंय. तिथं कर शून्य, म्हणून इथं वजा करायलाही काही नाही. स्पेनमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या मालकाला भाड्यावर २४ टक्के कर आहे, थायलंडमध्ये अनिवासी मालकाच्या भाड्यातून १५ टक्के कापतात. तो कर भारतातल्या करातून वळता होतो, मात्र त्या उत्पन्नावर इथं जेवढा कर बसतो त्याच्या मर्यादेतच.

खरी मेख पुढं आहे. हे उत्पन्न कोणत्या शीर्षकाखाली दाखवायचं? समजा, वर्षाचं भाडं ९०,००० दिरहॅम आलं आणि हिशेबाच्या सोयीसाठी एका दिरहॅमचे २४ रुपये धरले. एकूण २१ लाख ६० हजार. त्यातून ऑपरेटरचे १८,०००, सर्व्हिस चार्ज १४,०००, वीज-पाणी-इंटरनेट ९,००० आणि दुरुस्ती ६,००० दिरहॅम गेले. हातात उरले ४३,०००, म्हणजे १० लाख ३२ हजार रुपये.

‘घरापासूनचं उत्पन्न’ म्हणून दाखवलं तर एकूण भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि खरा खर्च विचारातच घेतला जात नाही. करपात्र होतात १५ लाख १२ हजार. तुम्ही ३० टक्क्यांच्या करटप्प्यात असाल, तर सेस धरून ३१.२ टक्क्यांनी कर बसतो सुमारे ४ लाख ७२ हजार. हातात आलेल्या दहा लाख बत्तीस हजारांतले जवळपास निम्मे गेले. तेच ‘व्यवसायाचं उत्पन्न’ ठरलं, तर खर्च वजा जाऊन १० लाख ३२ हजारांवर सुमारे ३ लाख २२ हजार कर. फरक दीड लाखाचा, आणि तो दरवर्षीचा.

मग सगळ्यांनी व्यवसायच का दाखवू नये? कारण हे आपल्या मर्जीवर नाही. नुसतं घर वापरायला दिलं आणि भाडं घेतलं, तर ते घरापासूनचं उत्पन्न. पाहुण्यांना चादरी-टॉवेल, रोजची सफाई, स्वागत, बुकिंगची व्यवस्था अशा सेवा पद्धतशीरपणे पुरवल्या जात असतील, तर व्यवसायाच्या बाजूनं बोलता येतं. ऑपरेटर ठरावीक रक्कम देऊन घर स्वतःच घेत असेल, तर तुम्ही भाडंच घेताय. म्हणून करार सही होण्याआधी सीएला दाखवा, नंतर नव्हे. व्यवसाय दाखवून घसारा घेतला, तर घर विकताना भांडवली नफ्याचा हिशेबही बदलतो. पहिल्या वर्षीच्या सवलतीसाठी दहाव्या वर्षीचं नुकसान ओढवून घेऊ नका. शिवाय एका वर्षी एक शीर्षक आणि पुढच्या वर्षी दुसरं, ही उडी करअधिकाऱ्याच्या डोळ्यांत भरते.

घर रिकामंच ठेवलं तरी सुटका होईलच असं नाही. स्वतःसाठी ठेवलेल्या दोन घरांपर्यंत कर नसतो. कोथरूडचा फ्लॅट, मुळशीचं घर आणि दुबई अशी तीन झाली, तर तिसऱ्याचं काल्पनिक भाडं उत्पन्नात मिळवावं लागतं.

भाड्याचे पैसे शक्यतो ऑपरेटरकडून थेट पुण्यातल्या खात्यात मागवा. तिथल्या खात्यात साठवले आणि कुठं गुंतवले नाहीत, तर एलआरएसच्या नियमानुसार १८० दिवसांत भारतात आणावे लागतात. आणि तिकडचं खातं ही आणखी एक परदेशी मालमत्ता, तिचीही नोंद आलीच.

रिटर्न

परदेशात मालमत्ता असलेल्या सामान्य निवासी माणसाला आयटीआर-१ आणि आयटीआर-४ चालत नाहीत. आयटीआर-२, किंवा व्यवसाय असेल तर आयटीआर-३ भरायचा. त्यातल्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात घराचा देश, पत्ता, मालकीचं स्वरूप, खरेदीची तारीख, एकूण गुंतवणूक आणि मिळालेलं उत्पन्न एवढं मागतात. उत्पन्न शून्य असलं तरी नोंद हवीच. तिथं कर भरला असेल तर शेड्यूल एफएसआय (परदेशी उत्पन्न), शेड्यूल टीआर (तिथल्या कराची वजावट) आणि आजवर फॉर्म ६७ म्हणून ओळखला जाणारा फॉर्म, सोबत कर भरल्याचा पुरावा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू, त्यामुळं पुढच्या वर्षांसाठी कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. नवा क्रमांक सीएकडून पक्का करून घ्या.

नोंद राहिली तर २०१५ चा काळ्या पैशाविरुद्धचा कायदा लागतो. मालमत्ता न दाखवल्याबद्दल दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, ती ऐकून अनेक जण निर्धास्त झालेत. पण स्थावर मालमत्ता त्या सवलतीतून वगळलेली आहे. आणि ‘कळणार कसं?’ याचं उत्तर असं, की अमिरातींसह शंभराहून अधिक देश भारतीय रहिवाशांच्या बँक खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप पाठवतात. भाडं जमा होणारं खातं दिसलं, की घराचा प्रश्न येतोच.

दोन वर्षांचं त्रांगडं

उत्पन्नावरचा कर एप्रिल ते मार्चच्या हिशेबानं, तर शेड्यूल एफए जानेवारी ते डिसेंबरच्या हिशेबानं भरायचं असतं. २०२५ च्या रिटर्नमध्ये उत्पन्न ३१ मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचं आणि एफए ३१ डिसेंबर २०२४ ला संपलेल्या वर्षाचं. डिसेंबर २०२४ च्या सुट्ट्यांतलं भाडं दोन्हीकडे येतं, पण फेब्रुवारी २०२५ मधलं फक्त उत्पन्नात, त्यामुळं दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. ते जुळवायला जाऊ नका, वेगळेच असायला हवेत. चलनाचा दरही वेगळा लागतो : घराच्या किंवा व्यवसायाच्या उत्पन्नासाठी स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक परकीय चलन विकत घेते तो) साधारणपणे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा, एफएसाठी त्या-त्या तारखेचा. ऑपरेटरचं विवरण मात्र येतं त्याच्या सोयीच्या वर्षाचं आणि बऱ्याचदा निव्वळ रकमेचं.

म्हणून करारातच एक ओळ घालून घ्या, की ऑपरेटर दर महिन्याचं विवरण देईल : एकूण भाडं, प्रत्येक वजावट वेगळी आणि पैसे पाठवल्याची तारीख. बारा महिन्यांचे बारा कागद हातात असले, की सीए त्यातून दोन्ही वर्षं कापून घेतो. जूनच्या शेवटी निव्वळ रकमेचा एकच आकडा घेऊन गेलात, तर तो आधी ऑपरेटरकडूनच सगळा हिशेब मागवायला लावेल, आणि दुबईत तो उन्हाळी सुट्ट्यांचा काळ असतो.